पायी चालणाऱ्या गृहस्थांस अनावृत पत्र



कोपऱ्यावरच्या वाण्याकडून साखर आणायला आपण पायी जाता, अशी कुजबुज सोसायटीत बरेच दिवस ऐकू येत होती. आम्ही विश्वास ठेवला नाही. पुण्यात राहणारा, धडधाकट, चार पैसे बाळगून असलेला माणूस असं का करील? पण परवा आपण आमच्या स्कूटरसमोरूनच पिशवी हलवत गेलात. "गाडी बिघडली का?" नाही म्हणालात. "सोडू का?" नको म्हणालात. शेवटी "डॉक्टरांनी सांगितलंय का?" असंही विचारून पाहिलं, तर नुसते हसलात. म्हणून हे पत्र.

गैरसमज नसावा. चालण्याला आमचा विरोध नाही. पहाटे वेताळ टेकडीवर जरूर चालावं. तिथवर गाडीनं जावं, पायथ्याशी सावलीतली जागा मिळेपर्यंत घिरट्या घालाव्यात आणि मग उतरून मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजावीत. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात, तेव्हा पंढरपूरपर्यंत पायी निघालेल्या वारकऱ्यांच्या पाया पडावं, त्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटावेत आणि "कमाल आहे बुवा या लोकांची" म्हणत लावलेल्या गाडीकडे वळावं. महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चाललात, तरी आमची हरकत नाही.

थोडक्यात, व्यायामासाठी, भक्तीसाठी किंवा उत्सव म्हणून चालणाऱ्याला आम्ही मानतो. आपण मात्र साखरेसाठी चालता. चालून कुठेतरी पोचण्याचा आपला इरादा दिसतो, आणि आक्षेप आहे तो त्यालाच.

"फूटपाथ आहे की," असं आपण म्हणाल. आहे ना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार त्यावर किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी. तेवढी भरेलही, फक्त ती एका जागी नाही. थोडी विजेच्या डीपीच्या मागे आहे, थोडी वडापावच्या गाडीशेजारी आणि उरलेली आमच्या स्टँडवर लावलेल्या गाड्यांखाली. शिवाय चौक तुंबला की आम्हालाही त्याच फूटपाथवरून गाडी पुढे काढावी लागते. मागून हॉर्न वाजला की दचकता काय? साखर आम्हालाही आणायची असते.

कायद्याचा धाक दाखवू नये. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर थांबून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावं, असं २०१७ च्या वाहनचालकांसाठीच्या नियमांत लिहिलंय, हे आम्ही जाणतो. महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं, हेही जाणतो. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं अडथळे नसलेला फूटपाथ हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. न्यायालयाचा आम्हाला नितांत आदर आहे. त्यासाठी ब्रेक दाबावा लागतो, हे मात्र आमच्या लक्षात आलं नव्हतं. आणि बहुमत म्हणून काही असतं की नाही? शहरातल्या नोंदलेल्या वाहनांनी माणसांच्या संख्येला मागे टाकल्याच्या बातम्या २०१८ मध्येच आल्या होत्या.

आपल्या काळजीपोटी आणखी एक आकडा देतो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मेले. रस्ते अपघातांत मेलेल्यांपैकी जवळजवळ दर पाचवा माणूस पायी चालत होता. सोसायटीच्या सभेत हा आकडा वाचून दाखवला, तेव्हा एक सभासद इतके हेलावले, की त्यांनी त्याच आठवड्यात आधीपेक्षा मोठी गाडी बुक केली.

आपल्यामुळे मुलंही बिघडू लागली आहेत. "शाळा समोरच आहे, चालत जाऊ," असा हट्ट त्यांनी धरला. फाटकाशी गाड्यांची केवढी झुंबड असते, ते आपण पाहिलं असेलच. अशा गर्दीत पोरांना पायी कसं सोडायचं? म्हणून आम्ही सगळे त्यांना गाडीनं सोडतो.

तरीही चालणारच असाल, तर निदान ट्रॅक सूट घाला आणि हात जोरजोरात हलवा. बघणाऱ्याला व्यायाम चाललाय असं वाटेल. साखरेची पुडी खिशात दडवा. तेही जमणार नसेल, तर गळ्यात टाळ अडकवा. आम्ही स्वतः गाडी थांबवून नमस्कार करू.

आपले हितचिंतक,
सोसायटीतील समस्त वाहनधारक

ता. क. : हे पत्र खाजगीत आपल्या हाती देणार होतो. पण आपली विंग पडते समोरची, आणि चिटणीसांची गाडी सर्व्हिसिंगला गेली आहे. सबब जाहीर करत आहोत.