सतराच्या पुढे

आमच्या घरात सतराच्या पुढचा आकडा कुणी पाहिलेला नाही. म्हणजे विजेच्या बिलावर आणि माझ्या वजनाच्या काट्यावर तो दिसतो, नाही असं नाही. पण एक, दोन, तीन करत, मध्ये कुणाच्याही हाकेला ओ न देता मी सतराच्या पुढे गेले, असं घर भरलेलं असताना गेल्या दोन वर्षांत घडलेलं नाही. एरवी याचं कुणाला सोयरसुतक नसतं. पण मी पडले क्रोशाने प्राणी विणणारी बाई, आणि या प्राण्यांचा सगळा पिंड मोजणीचा.

या कलेला अमिगुरुमी म्हणतात. शब्द जपानी. 'आमी' म्हणजे विणलेलं आणि 'नुइगुरुमी' म्हणजे आत भरण भरलेलं खेळणं. दोघांची मिळून झाली अमिगुरुमी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं 'गुरुमाई' करून टाकलं. "झाली का गं तुझी गुरुमाई? मग जरा कणीक मळायला घे."

सुरुवात मुक्ताच्या हत्तीपासून झाली. वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला तिने क्रोशाचा हत्ती पाहिला आणि घरी येऊन मागितला. मी किंमत ऐकली आणि म्हणून गेले, "एवढे पैसे कशाला? घरी करता येतो." हे वाक्य मराठी आईच्या तोंडून जितकं सहज निघतं तितकंच ते महागात पडतं. आमच्या घरी याच वाक्यापायी एकदा केक झाला होता, एकदा गणपतीचं मखर झालं होतं आणि एकदा पाणीपुरीच्या पुऱ्या. मखर तेवढं उभं राहिलं, तेही भिंतीला टेकून.

लोकर आणायला तुळशीबागेत गेले. "हत्तीसाठी लोकर हवी आहे," म्हटलं. दुकानदाराने चष्म्याच्या वरून पाहिलं. "हत्तीला थंडी वाजते का?"

"तसं नाही. लोकरीचा हत्ती करायचाय."

"केवढा?"

"वीतभर."

"मग दोन गुंडे पुरतील. जास्त नेऊन ठेवू नका. उरलेली लोकर परत घेत नाही." वाक्य कुठे जाऊन संपणार हे पुण्यात वाढलेल्या माणसाला आधीच कळतं, त्यामुळे मी निमूटपणे दोन गुंडे घेतले.

क्रोशातलं जाणतं माणूस खरं तर घरातच होतं. सासूबाईंचा हात क्रोशावर पन्नास वर्षं बसलेला. त्यांच्या रुखवतात म्हणे क्रोशाचं तोरण, क्रोशाचा गणपती आणि क्रोशाच्या बारा रुमालांची चवड होती. पण त्यांचं एक तत्त्व आहे: क्रोशा हा झाकण्यासाठी असतो. टीव्ही झाकावा, रेडिओ झाकावा, टिपॉय झाकावा, पाण्याच्या तांब्यावरही मणी लावलेली गोल जाळी टाकावी. "हत्ती घालणार कशावर?" असा त्यांचा पहिला प्रश्न होता. कशावरही घालायचा नाही, तो नुसता असणार, हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की संसारात नुसतं असून कुणाचं चाललंय!

तरी टाके त्यांनीच शिकवले. व्हिडिओतली बाई इंग्रजीत भराभरा काही तरी बोलायची. सासूबाई दोन मिनिटं बघायच्या आणि म्हणायच्या, "काही नाही, मुका खांब आहे." साखळी, खांब, मुका खांब ही त्यांची मुळाक्षरं. अमिगुरुमी जवळजवळ सगळी मुक्या खांबांची असते. टाका बुटका आणि घट्ट, म्हणजे आतलं भरण फटीतून बाहेर डोकावत नाही. सुईही लोकरीच्या मानाने बारीक घ्यायची. माझी अडीच मिलिमीटरची आहे. एवढ्या बारीक सुईने दाबून विणलं की बोटं दुखतात, पण तक्रार करता येत नाही. आमच्या घरात मुकं असं काही असेल तर ते हे खांबच.

आता मोजणीकडे येते. दोऱ्याची एक कडी करायची आणि तिच्यात सहा मुके खांब घालायचे. पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. दर फेरीला सहाच वाढवायचे. सहाच का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एका रात्री भांडी घासताना उजेड पडला. मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच. फेरी एक टाका बाहेर सरकली की परीघ दोन पाय इतक्या टाक्यांनी वाढतो, आणि दोन पाय म्हणजे 6.28. त्यातलं पॉइंट अठ्ठावीस लोकर पोटात घालते. दहावीत ज्याच्यामुळे माझे दोन मार्क गेले तो पाय असा सत्तावीस वर्षांनी हत्तीच्या कपाळात भेटला. ओळख दोघांनीही दाखवली नाही.

सहापेक्षा कमी वाढवले तर तव्याची वाटी होते. जास्त वाढवले तर कडेला झालरी पडतात आणि हत्तीचं डोकं कोबीच्या पानासारखं दिसू लागतं. माझी ही चूक म्हणजे चूक नसून उच्च गणित आहे, हेही मला मागाहून समजलं. दाइना ताइमिना या लॅटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ बाईंनी 1997 साली, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात असताना, मुद्दाम असे जास्तीचे टाके वाढवत हायपरबोलिक पृष्ठ क्रोशाने विणून दाखवलं. कागदाच्या प्रतिकृती हाताळताना फाटायच्या, लोकरीची टिकली. मी हे नवऱ्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो हत्तीकडे बघत म्हणाला, "म्हणजे त्या बाईंना जे करायचं होतं तेच झालं. तुझ्यात आणि त्यांच्यात तेवढाच फरक."

मोजायला माझी ना नाही. पण मोजू कोण देतं? अमिगुरुमीची फेरी चक्रीसारखी गोल गोल चढत जाते, कुठे जोडायची नसते. त्यामुळे "एवढी ओळ संपवून येते" असं म्हणायची सोयच नाही; ओळ संपतच नाही. फेरी कुठून सुरू झाली हे कळायला टाक्यात एक खूण अडकवायची असते. मी मुक्ताची टिकटॅक पिन लावायचे. ती पिन दर दोन दिवसांनी तिला नेमकी त्याच वेळी केसांना हवी असायची. "पंधरा, सोळा, सतरा..." आणि दारावरची बेल. सिलिंडरवाला. कार्ड कुठेय, सुटे पैसे कुठेयत. परत येऊन बसावं तर पिन केसात आणि सतरा होते की पंधरा हे देवालाच ठाऊक. मग मी अंदाजपंचे दाहोदरसे पुढे निघायचे. जिथे पंधरा धरले आणि होते सतरा, तिथे दोन टाके जास्त. तिथे टेंगूळ.

अशा रीतीने मुक्ताच्या हत्तीला उजव्या कानामागे सिलिंडरवाल्याचं टेंगूळ आलं. पाठीवर खड्डा आहे, तो सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा. एक पाय आखूड आहे, कारण त्या संध्याकाळी धाकट्याने, म्हणजे आमच्या बंड्याने, नाकात शेंगदाणा घातला होता. शेंगदाणा निघाला, पाय राहिला.

भरणाचंही एक रामायण झालं. व्हिडिओत फायबर भरा म्हणून सांगितलं होतं. पण माळ्यावर जुन्या गादीतला कापूस असताना फायबर विकत आणणं मला पटेना. हत्ती गुबगुबीत झाला. आठ दिवसांनी बंड्याने त्याला वरणात अंघोळ घातली, म्हणून मी धुतला. कापसाने एवढं पाणी पोटात घेतलं, की चार दिवस हत्ती गॅलरीत दोरीवर सोंडेला चिमटे लावून लोंबत होता आणि समोरच्या बिल्डिंगमधली मुलं त्याला बघायला येत होती. वाळला तेव्हा आत गाठीच गाठी. सासूबाईंनी त्याला चाचपलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आता याला पिंजारी बोलाव."

त्यानंतर मी फायबर आणायला लागले. डोळेही प्लॅस्टिकचे लावायचं सोडलं. त्यांना मागून चकती बसते, पण ज्या घरात शेंगदाणा नाकात जातो तिथे तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती सुटा होईल असा डोळा द्यायचाच नसतो. मी काळ्या दोऱ्याने डोळे भरते. भरलेले डोळे नेहमी थोडे झोपाळलेले दिसतात. आमचे सगळे प्राणी दुपारी दोनच्या सुमाराचे वाटतात.

बंड्याला ऑक्टोपस हवा होता. डेन्मार्कमध्ये 2013 साली वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणून द्यायला सुरुवात झाली. त्याचे वळलेले पाय बाळाला आईच्या नाळेसारखे वाटत असावेत, अशी त्यामागची कल्पना. मी ते वाचून अगदी हळवी झाले आणि विणायला बसले. बंड्याला नाळबीळ काही आठवली नाही. त्याने एक पाय धरला, ऑक्टोपस डोक्यावरून गरागरा फिरवला आणि ताईच्या पाठीत हाणला. मुक्ताने रडण्याआधी पाय मोजले. "आई, सातच आहेत." खरंच सात होते. आठवा पाय कुकरच्या शिट्टीने खाल्ला होता. तीन झाल्या की चार, या वादात मी एकच पाय दोनदा धरला असणार. त्याचं नाव सातप्पा पडलं. मुलांना वाटतं तो कोल्हापूरचा आहे.

नवऱ्याने एकदा हिशेब मांडला. लोकर एवढ्याची, फायबर एवढ्याचा, पंधरा तास माझे. "आणि बाजारात दीडशे रुपयांत ससा मिळतो." हा हिशेब तो मला मोठ्याने वाचून दाखवत असताना मी सशाच्या कानाच्या बाराव्या टाक्यावर होते. त्या कानाला आता जो बाक आहे, तो दीडशे रुपयांचा.

मग मे महिन्यात एक आक्रीत घडलं. साताऱ्याला वन्संकडे पूजा होती. मला ऑफिसातून सुट्टी मिळाली नाही. नवरा, मुलं आणि सासूबाई तीन दिवसांसाठी गेली. पहिल्या रात्री मी पांढरी लोकर घेऊन खुर्चीत बसले. सोळा, सतरा, अठरा. मी थबकले. कुणीच हाक मारली नाही. एकोणीस. फ्रिज घुरघुरत होता, बाकी सामसूम. चोवीस, तीस, छत्तीस, बेचाळीस. पाणी लावलेल्या इस्त्रीच्या कापडासारख्या सपाट फेऱ्या पडत गेल्या. तिसऱ्या रात्री ससा झाला. दोन्ही कान सारखे, चारही पाय सारखे, कुठे टेंगूळ नाही, खड्डा नाही. मी त्याला टेबलावर ठेवला आणि लांबून, जवळून, बाजूने फोटो काढले. खरं सांगायचं तर थोडी घाबरलेही. एवढं नीट काही माझ्या हातून झाल्याचा मला अनुभव नव्हता.

मंडळी परत आली. मुक्ताने ससा उचलला, उलटा केला, कानामागे बोट घालून पाहिलं, पोट दाबलं.

"याचं टेंगूळ कुठेय?"

"नाहीये. नीट झालाय हा."

"मग हा विकतचा आहे," ती म्हणाली आणि हत्तीला काखेत मारून आत गेली. बंड्याने सशाला एकदा भिंतीवर आपटून पाहिलं आणि तोही गेला.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "खरंच छान झालाय गं," पण किती रुपये वाचले ते बघावं तसा तो सशाकडे बघत होता. सासूबाई काही न बोलता आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. डांबरगोळ्यांच्या वासासकट एक घडी घेऊन त्या बाहेर आल्या आणि माझ्या मांडीवर उलगडली. त्यांचं टीव्हीचं कव्हर. 1984 सालचं. तेव्हा टीव्ही लाकडी खोक्यातला, शटरचा होता. आता आमचा टीव्ही भिंतीवर चिकटलेला आहे आणि त्याच्यावर पालसुद्धा धड बसू शकत नाही, म्हणून कव्हर ट्रंकेत गेलं.

"इथे बघ," त्यांनी डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "या फुलाच्या पाकळीत अकरा खांब हवेत. मोज."

मी मोजले. तेरा होते.

"हा पाळण्यातून पडला, तेव्हाचे." 'हा' माझ्या शेजारीच उभा होता. त्याने वाकून त्या दोन खांबांवरून बोट फिरवलं. "फार लागलं होतं का गं मला?"

"तुला काय लागतंय! पाकळी वाकडी झाली माझी."

"मग आई, तुम्ही उसवलं का नाही?" मी विचारलं.

"उसवलं असतं तर परत मोजावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि तोवर हा रांगायला लागला होता."

कव्हराची घडी घालून त्या पुन्हा ट्रंकेकडे गेल्या. जाता जाता त्यांनी ससा उचलला, न्याहाळला आणि शोकेसमध्ये काचेच्या मागे ठेवून दिला. पाहुणे आले की तो दाखवतात. "सुनेने केलाय," असं म्हणतात. पाहुणे "हो का?" म्हणतात, पण विश्वास बसल्यासारखे दिसत नाहीत.

सध्या माझी म्हैस चालू आहे. बंड्याची फर्माईश. त्याला आधी जेसीबी हवा होता, मोठ्या मुश्किलीने म्हशीवर आणला. डोकं होत आलंय, छत्तिसाची फेरी आहे, पिन मुक्ताच्या केसात आहे. शिंगापासून मोजायला सुरुवात केली. चौदा, पंधरा, सोळा, सतरा...

"अगं, दूध बघ, उतू चाललंय!"

डाव्या शिंगाखाली जे येणार आहे, ते दुधाचं.