टोपीपायी

अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या आईबापांना काय काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. आमच्या जावयाला मात्र ठरलेल्या गोष्टींचं वावडं. मिनियापोलिसहून उत्तरेला पाचेक तास गाडी हाकून त्याने आम्हाला थेट कॅनडाच्या हद्दीवर, व्हॉयेजर्स राष्ट्रीय उद्यानात नेऊन उभं केलं. उद्यान म्हणजे बाकं, कारंजी आणि फाटकापाशी भेळवाला, अशा हिशेबाने हिने नव्या चपला घातल्या होत्या. इथे रस्ता काठापर्यंत येतो आणि हात टेकतो. उद्यान २,१८,००० एकरांचं, त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग नुसतं पाणी. रेनी, काबेटोगामा, नामाकन आणि सँड पॉइंट ही चार मोठी तळी, मध्ये खडकाळ बेटं, बेटांवर सूचिपर्णी झाडं आणि झाडाखाली डास. डासांची शिरगणती कुणी केलेली दिसली नाही.

जावयाने होडीची तिकिटं काढली तेव्हा शेंगा सोलत गार वाऱ्यात फिरायचं, असा माझा अंदाज. प्रत्यक्षात लाल टोपी घालून, कमरेला रंगीत पट्टा बांधलेल्या रेंजरबाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक वल्हं ठेवलं. सव्वीस फुटी होडी, तीही आम्हीच चालवायची.

"बाबा, पुढच्याचं बघून मारा," जावई म्हणाला.

पुढे ही होती. तिचं वल्हं पाण्यापेक्षा माझ्या मांडीवर जास्त पडत होतं.

जुने व्हॉयेजर्स मिनिटाला पन्नासच्या वर वल्ही मारत, तेही रोज चौदा-चौदा तास, असं बाई सांगत होत्या. हे फ्रेंच कॅनेडियन गडी म्हणजे फरच्या व्यापारातले हमाल. वाटेत धबधबा आला की होडी उतरवायची आणि चाळीस-चाळीस किलोंचे दोन गठ्ठे कपाळावरच्या पट्ट्याने पाठीला अडकवून चढ चढायचा. अंतर्गळाने कित्येक जण गेले. अनेकांना पोहताही येत नसे. भरतीच्या वेळी बुटका माणूस पसंत, कारण लांब पाय होडीत मालाची जागा खातात.

"म्हणजे मला घेतलं असतं," मी म्हणालो.

"उंचीपुरतं," ही म्हणाली.

त्यांची एक गोष्ट मला फार आवडली. तासाभराने वल्ही थांबवून चिलीम ओढायची, आणि तळ्याची लांबी सांगायची ती चिलमींत. परतीच्या रस्त्यावर जावई प्रत्येक वेळी 'हे काय, आलंच' म्हणत होता, त्यापेक्षा हे माप कितीतरी प्रामाणिक.

आणि हा सगळा आटापिटा कशासाठी, तर युरोपातल्या साहेबांच्या टोप्यांसाठी! बीव्हर हा उंदराच्या कुळातला, नारिंगी दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालणारा उद्योगी प्राणी. त्याच्या आतल्या मऊ केसांना बारीक काटे असतात. ते एकमेकांत अडकतात, म्हणून त्यांचा नमदा घट्ट बसतो आणि टोपी पावसात टिकते. युरोपातले बीव्हर जवळजवळ संपवून झाले, तशी मंडळी अटलांटिक ओलांडून इथल्या बीव्हरांच्या मुळावर आली. होड्या बर्च झाडाच्या सालीच्या. साल स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवायची आणि डिंकाने सांधे बुजवायचे, ही विद्या इथल्या ओजिब्वे लोकांसारख्या मूलनिवासींची. त्यांनी हे शिकवलं नसतं, तर कंपन्यांची मजल काठापलीकडे गेली नसती.

कंपन्या दोन, हडसन्स बे आणि नॉर्थ वेस्ट. वर्षानुवर्षं एकमेकींच्या उरावर बसून १८२१ साली त्या एक झाल्या. पुढे साहेबांना रेशमी टोपीची चटक लागली आणि बीव्हरच्या जिवावरचं संकट टळलं. आता या उद्यानात बीव्हर भरपूर आहेत, आणि उन्हाळ्यात लांडगे त्यांच्यावर ताव मारतात.

मुक्कामाच्या बेटावर पोलादी पेटी होती. अस्वलं येतात, म्हणून खाण्याचं सगळं तिच्यात ठेवून कडी लावायची. लेकीने आमची लसणीच्या चिवड्याची पिशवी बँकेच्या लॉकरात दागिने ठेवावेत तशी आत ठेवली. रात्री लून पक्षी ओरडला तेव्हा हिने आधी पेटीची कडी तपासली, मग माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी केटल फॉल्स. तिथलं हॉटेल १९१० च्या सुमाराचं. त्याच्या बारची जमीन कलंडलेली आहे, आणि डागडुजी करताना तो कल मुद्दाम राखलाय. न पिताही तोल जातो, एवढी सोय मी दुसरीकडे पाहिली नाही. इथे उभं राहून कॅनडा बघायचा तर दक्षिणेकडे तोंड करावं लागतं, कारण हद्द पाण्याबरोबर वळसे घेत जाते. ही हद्दही गमतीची. तिच्यावरून अमेरिका आणि ब्रिटनचं बरीच वर्षं भांडण चाललं. १८४२ च्या करारात होड्यांचा नेहमीचा जलमार्गच हद्द म्हणून धरला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या हमालांच्या वहिवाटीने दोन देशांचा बांध ठरला!

कंपन्यांनी या गड्यांना चढ्या भावाने माल विकून कर्जात ठेवलं, म्हणजे टोप्या फक्त युरोपातच घातल्या असं नाही. व्यापारी गबर झाले. त्यांच्यातल्या जेम्स मॅकगिलच्या नावाने मॉन्ट्रियलला विद्यापीठ आहे. पण १९७५ साली हे उद्यान उभं राहिलं ते हमालांच्या नावाने, आणि मला विचाराल तर हा सौदा मॅकगिलपेक्षा वरचढ आहे.

तुम्ही जाणार असाल तर सप्टेंबरात जा, डास कमी असतात. उद्यानात शिरायला पैसे पडत नाहीत. होडीला पडतात.