तारवात पाणी शिरलं

खानदेशात मे महिन्यात बायबलमधल्या महापुराची गोष्ट सांगायला धाडस लागतं. बाहेर पारा ४४-४५ला टेकलेला, पांझरेच्या कोरड्या पात्रात पोरं क्रिकेट खेळताहेत, आणि आपण सांगायचं की चाळीस दिवस नि चाळीस रात्री पाऊस थांबलाच नाही. भीती कुणालाच वाटत नाही. उलट, एवढा पाऊस फुकटात मिळाला म्हणून सगळ्यांना तारवात बसून वाचलेल्या नोहाचा हेवा वाटतो.

धुळ्याला सुट्टीतल्या बायबल वर्गासाठी मी जळगावहून जाते. त्या वर्गाला सगळे व्हीबीएस म्हणतात. पूर्ण नाव विचारलं तर निम्मे पालकही अडखळतील. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं, भुसावळ-जळगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. तेव्हापासून इथल्या चर्चच्या कपाटांत गोष्टी सांगण्याचं सामान साठत आलंय. आमच्या लहानपणी फ्लॅनेलचा फळा असायचा. त्यावर कागदी उंट चिकटवला की दोन मिनिटांत तो घरंगळून बाईंच्या पायाशी यायचा. आता मंडळीतल्या एका भल्या माणसानं ऑफिसातून काढलेले जुने कॉम्प्युटर दिलेत. इंटरनेट नाही, गेम नाहीत. आहे फक्त पेंट, जे १९८५ सालच्या पहिल्या विंडोजपासून चित्रकलेत नापास झालेल्यांना आधार देत आलंय.

माझं सरळ मत आहे : गोष्ट ऐकणारा पोरगा आणि गोष्ट काढणारा पोरगा यांत फार फरक. ऐकणारा ‘हो’ म्हणतो. काढणाऱ्याला मात्र ठरवावंच लागतं. तारू केवढं? दार कुठे? नोहाच्या बायकोचं नाव काय? हा प्रश्न एका मुलीनं चित्राखाली नावं लिहायची म्हणून विचारला. बायबलमध्ये तिचं नाव नाही, सुनांचीही नाहीत. मुलीनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि आपल्या आजीचं नाव टाकून दिलं.

तारवाचं माप मात्र दिलेलं आहे : लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. हात म्हणजे साधारण दीड फूट. ‘रेल्वेचे सहा डबे एकामागे एक लावले की तेवढी लांबी,’ असं सांगितल्यावर पोरांना पटलं. खानदेशात होडी पाहिलेली पोरं थोडी, भुसावळचा फलाट सगळ्यांनी पाहिलेला. परिणाम असा झाला की दोघांच्या तारवाला खिडक्यांची रांग आली, आणि एकावर ‘जनरल’ असं लिहिलेलं होतं.

मग प्राण्यांच्या जोड्या. इथे कॉम्प्युटरनं काम फारच सोपं केलं. एक बैल काढायचा, कॉपी करायचा, पेस्ट करायचा, झाली जोडी.

‘टीचर, हे दोन्ही बैलच आहेत,’ शेजारचा म्हणाला.

‘मग? बैलजोडीच ती,’ काढणारा म्हणाला. त्याच्या घरी पोळ्याला तेच उभे राहतात.

‘मग वासरू कुठून येईल?’

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी घाईघाईनं गाय काढायला सांगितली. पठ्ठ्यानं दुसऱ्या बैलाचं वशिंड पुसलं, शिंगं आखूड केली, कपाळाला टिकली लावली आणि प्रश्न निकालात काढला. तेवढ्यात एका वाचकवृत्तीच्या मुलीनं उत्पत्तीचा सातवा अध्याय उघडून दाखवला : शुद्ध पशू सात-सात घ्यायचे आहेत. रवंथ करणारी, दुभंगलेल्या खुराची गाय शुद्धांतच मोडते. पेस्टचं बटण दणादण दाबलं गेलं आणि वाघासाठी जागाच उरली नाही.

खरी गंमत झाली ती रंगाच्या डब्याची. पेंटमध्ये एक तिरका डबा असतो. तो ओतला की रंग रेषा आडवी येईपर्यंत पसरत जातो. रेषेत एका ठिपक्याएवढी फट असली तरी तो तिथून आत शिरतो. एका पोरानं पाऊस पाडायचा म्हणून कडेच्या मोकळ्या जागेत निळा डबा ओतला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नोहा, गाई, सुना, सगळंच निळं झालं.

‘टीचर, तारूमा पानी शिरी गयं!’

आधीचं परत आणायचं बटण त्याला ठाऊक होतं. जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठ्यात ज्यांनी भिंतीवर सहा दातांच्या हत्तीची जातककथा रंगवली, त्यांना ती सोय नव्हती. पण बटण दाबून भोक काही बुजत नाही. मग भिंग घेऊन शोध सुरू झाला. चार डोकी एका पडद्यावर. बुडाची रेष तपासली, टोकं तपासली. तारवाला आतून-बाहेरून डांबर लावायला देवानं नोहाला सांगितलं होतं. गोष्ट सांगताना हे वाक्य सगळेच गाळतात, कारण डांबरात कुणाला काय रस? त्या दिवशी ते वाक्य मोठ्यानं वाचलं तेव्हा वर्गात एकही चुळबूळ नव्हती.

फट सापडली दारात. दार उघडंच राहिलं होतं.

‘नोहानं लावलं नव्हतं का?’

‘नाही. ते परमेश्वरानं बाहेरून लावलं.’

पोरानं पेन्सिलचं चित्र निवडलं, माऊसवरचं बोट थांबवलं आणि मला विचारलं, ‘म्हणजे आता मीच लावू?’ याचं उत्तर कुठल्याही धर्मशास्त्राच्या वर्गात मला कुणी शिकवलेलं नाही. ‘लाव,’ म्हटलं. त्यानं लावलं.

शेवटच्या दिवशी चित्रं छापून भिंतीवर लावायची होती. गोष्टीतल्या कबुतराच्या चोचीत जैतुनाऐवजी सर्रास कडुनिंबाची डहाळी आली होती. त्याला माझी हरकत नव्हती. पण सगळ्यांनीच पान भरून समुद्र ओतलेला. पाच-सहा चित्रांनंतर प्रिंटरची निळी शाई संपली आणि पुढचे सगळे महापूर गुलाबी निघाले. पोरं रडकुंडीला आली. पाळकसाहेब आले, चष्मा वर-खाली केला, काही बोलले नाहीत. एक म्हाताऱ्या बाई मात्र भिंतीजवळ जाऊन चित्रं निरखत होत्या. १८७२ साली पांझरेनं धुळ्याची दाणादाण उडवली होती. ते त्यांनी पाहिलेलं असणं शक्य नाही, पण नंतरचे लहानमोठे पूर बरेच पाहिले असणार.

‘यात काय रडानं शे?’ त्या पोरांना म्हणाल्या. ‘पूरनं पानी कधी नियं ऱ्हास का? असंच लाल ऱ्हास!’

पोरांनी लगेच निळ्या पुरांकडे बोट दाखवून विचारलं, मग ही चुकली का?