समस्त शीर्षककारांस अनावृत पत्र

शीर्षककार मंडळी,
स. न. वि. वि.

गुगलवर शोध घेतला की निळ्या अक्षरांत जी एक ओळ दिसते, ती आणि तिच्याखालचे दोन ओळींचे वर्णन आपण लिहिता. छत्रपती संभाजीनगरात येणारा पाहुणा स्टेशनवर उतरण्याआधी आपल्यालाच भेटतो. तरीही आपला साधा सत्कार कुणी केला नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या कृपेने शहरात आता साधे काही उरलेले नाही. पैठण गेटपासून चिकलठाण्यापर्यंत प्रत्येक लॉज ‘बेस्ट’, प्रत्येक दवाखाना ‘टॉप’, प्रत्येक क्लास ‘नंबर १’. दुसरा क्रमांक अजून रिकामा आहे. कुणाला हवा असल्यास स्पर्धा अजिबात नाही. काही दुकानांनी तर शीर्षकातच ‘निअर मी’ घातले आहे. गिऱ्हाईक कुठे उभे आहे हे गुगल त्याच्या फोनवरूनच ओळखते, पण हिमरू शालींचे दुकान मात्र स्वतःच स्वतःच्या जवळ असल्याची ग्वाही देते. देवो बापडे.

एका बाबतीत आपली खरोखर दया येते. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली आणि आपली जागा गेली. रोमन लिपीत हे नाव मधल्या मोकळ्या जागेसह २५ जागा घेते. जुन्या नावाने शोधणारे अजून पुष्कळ, म्हणून कंसात औरंगाबाद जोडले की झाल्या ३८. शीर्षक साधारण साठीच्या आसपास छाटले जाते. नुसते औरंगाबाद लिहावे, तर बिहारातही त्याच नावाचा जिल्हा आहे. तिथल्या ‘देव’ या गावच्या सूर्यमंदिराला निघालेला भाविक आपल्या सिडकोतल्या लॉजला फोन करायचा. दोन्ही नावे हवीतच, मान्य. पण ती आधी लिहून उरलेल्या बावीस जागांत आपण ‘बेस्ट’, ‘टॉप’ आणि ‘स्वस्त’ कोंबता, आणि दुकान नेमके काय विकते ते कात्रीखाली जाते. माल आधी, गाव नंतर, एवढी अदलाबदल करायला मंत्रिमंडळाचा ठराव लागत नाही.

शिवाय गुगल अक्षरे मोजत बसत नाही, रुंदी बघते. म्हणजे देवनागरीतले उकार, मात्रा, अनुस्वार फुकटात प्रवास करतात. मराठीला एवढी सवलत सरकारनेही कधी दिलेली नाही. आपण मात्र रोमनमध्येच पूर्ण भाडे भरता.

आपली निष्ठाही वाखाणण्यासारखी. पानाच्या पोटात लपवलेल्या कीवर्डच्या यादीला क्रमवारीत किंमत नाही, हे गुगलने २००९ साली जाहीर केले. तरी आपण पितृपक्षात पान वाढावे तशी ती यादी दरवर्षी भक्तिभावाने वाढता, त्यात औरंगाबादचे सगळे चुकीचे स्पेलिंगही. कावळा काही शिवत नाही. उलट ऑगस्ट २०२१ मध्ये गुगलने सांगून टाकले की शीर्षक पटले नाही तर आम्ही पानावरचा ठळक मथळा उचलून लावू. वर्णनाचेही तेच, न आवडल्यास पानातलेच एखादे वाक्य घेतात. आपल्यावर यंत्राने संपादक नेमला आहे, आणि दुर्दैवाने त्याचे बरेचदा बरोबर असते.

आता वर्णनाकडे. ‘आम्ही ग्राहकांच्या समाधानासाठी कटिबद्ध आहोत’ हे वाक्य टूरवाल्यांपासून टँकरवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या खाली आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. लेण्यांची सहल विकणाऱ्या किती पानांच्या वर्णनात हे दिसते? तिथे असतो ‘अविस्मरणीय अनुभव’. सोमवारी कोलकात्याहून आलेले कुटुंब मंगळवारी वेरूळच्या बंद फाटकासमोर उभे राहते, तेव्हा तो अनुभव मिळतोही. ‘वेरूळ लेणी मंगळवारी बंद’ या ओळीला, काने-मात्रे सुटे मोजले तरी, तेवीस जागा लागतात. वर्णनाला दीडशेच्या आसपास मिळतात. उरलेल्या सव्वाशेत कटिबद्ध राहायला कुणाची हरकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीतली गर्दी सुरू होण्याआधी तेवढी ओळ घालावी, ही विनंती. कळावे, लोभ असावा.

आपला,
शोधाच्या दुसऱ्या पानापर्यंत जाणारा, शहरातील बहुधा एकमेव वाचक