मालक पुण्याचे

नाशिककराला चिडायला निमित्तं कमी नाहीत. द्वारका चौक आहे. लासलगावला गडगडणारा कांदा आहे. सिंहस्थ जवळ आला की उकरले जाणारे रस्ते आहेत. एवढं सगळं घरबसल्या मिळत असताना आमचा पुतण्या चिडतो तो फ्लोरिडातल्या ग्लेझर नावाच्या एका कुटुंबावर. या कुटुंबानं 2005 साली मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल क्लब विकत घेतला. पुतण्या तेव्हा बालवाडीत होता आणि त्याला कुणी विचारलं नाही.

आता तो अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. दिवसभर त्याच्या डोक्यावर मालकही असतो आणि मॅनेजरही. त्यांच्याविषयी तो अवाक्षर काढत नाही. संध्याकाळी घरी येऊन बूट काढले, की मग तो दुसऱ्या मालकाविषयी आणि दुसऱ्या मॅनेजरविषयी बोलायला लागतो. त्या बोलण्यातलं किती मँचेस्टरचं आणि किती अंबडचं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

एकदा सकाळी पोहे खाताखाता तो म्हणाला, "आजी, काल आपण हरलो." आजीनं ताटली खाली ठेवली. गावाकडच्या बांधाचा आमचा एक दावा कोर्टात आहे, आणि या घरात हरायचं म्हणजे तोच हरायचा, अशी तिची समजूत आहे.

"कुणाकडून?"

"ब्रेंटफर्डकडून."

"तो त्यांचा वकील का?" आजीनं विचारलं.

खरं सांगायचं तर पुतण्याची तक्रार पोकळ नाही. सुमारे 79 कोटी पौंडांच्या त्या व्यवहारातला मोठा भाग कर्जाऊ होता आणि त्यातलं बरंचसं कर्ज चढलं क्लबच्याच डोक्यावर. जो विकला गेला, त्यानंच विकत घेणाऱ्याचे हप्ते फेडायचे! आपल्याकडच्या सावकारांनाही हे सुचलं नव्हतं. तिथल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी क्लबला रामराम ठोकला आणि 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' नावाचा स्वतःचा वेगळा क्लब काढला. उरलेल्यांनी 2010 साली हिरवे-सोनेरी मफलर गुंडाळून यायला सुरुवात केली. हा क्लब 1878 साली रेल्वेच्या कामगारांनी न्यूटन हीथ या नावानं सुरू केला, तेव्हाचे ते रंग. मे 2021 मध्ये तर लोक थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलबरोबरचा सामना पुढे ढकलावा लागला. मालक जागचे हलले नाहीत. अखेर फेब्रुवारी 2024 मध्ये जिम रॅटक्लिफ या ब्रिटिश उद्योगपतीनं पाव हिश्शाहून थोडा अधिक वाटा घेतला आणि खेळाचा कारभार हातात घेतला. पुतण्यानं त्या दिवशी घरात पेढे आणले. आता तो दोघांवरही चिडतो.

मॅनेजरचं प्रकरण याहून करुण आहे. फर्ग्युसन (पुण्याचं कॉलेज नव्हे, सर अ‍ॅलेक्स) 1986 पासून 2013 पर्यंत त्या खुर्चीत बसले आणि 13 वेळा लीग जिंकून उठले. त्यानंतर मॉयेस आले, व्हान गाल आले, मोरिन्यो आले, सोलशार आले, टेन हाग आले, अमोरिम आले. हंगामी आले ते वेगळेच. मॉयेस यांच्याशी 6 वर्षांचा करार होता, ते 10 महिन्यांत घरी गेले. प्रत्येक जण येतो तेव्हा पुतण्या म्हणतो, "काका, हा माणूस वेगळा आहे." सहा महिन्यांनी तो वेगळा नसतो. लग्नात जेवण बिघडलं की सगळे आचाऱ्याला नावं ठेवतात. यजमानानं तूप किती दिलं होतं, हे पंगतीतलं कुणी विचारत नाही. पुतण्याचा मोठेपणा असा, की तो तुपाचीही चौकशी करतो.

आणि हे सगळं बघायची त्याची सोय तर खुद्द इंग्लंडातल्या माणसाहून चांगली आहे. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने इंग्लंडात टीव्हीवर दाखवत नाहीत. लोक घरी बसून मोठा सामना बघत राहिले तर लहान क्लबांची मैदानं ओस पडतील, ही भीती 1960 च्या दशकातली. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हे धोरण लावून धरलं होतं. तेव्हा मँचेस्टरमधल्या ज्याला तिकीट मिळालं नाही, तो बिचारा रेडिओ ऐकत बसतो आणि गंगापूर रोडवर आमचा पुतण्या थंडीत गोधडी पांघरून तोच सामना डोळ्यांनी बघतो. दुःखसुद्धा आम्हाला त्यांच्यापेक्षा स्पष्ट दिसतं.

एका रात्री हे दुःख जास्तच स्पष्ट दिसल्यावर तो म्हणाला, "आपलं कुणी ऐकतच नाही, काका. इतक्या लांब बसलेत मालक. त्यांना काय माहीत आमचा क्लब म्हणजे काय आहे ते!"

मग मी त्याला ब्लॅकबर्नची गोष्ट सांगितली. मँचेस्टरच्या उत्तरेला, तासाभराच्या अंतरावर, लँकेशायरमध्ये हे गाव आहे. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब 1875 चा. 1888 साली इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तो होता आणि 1992 ला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही होता. दोन्ही वेळच्या मुहूर्ताला हजर असलेले क्लब तीनच. जॅक वॉकर नावाच्या गावातल्याच पोलादवाल्यानं त्यात पैसा ओतला आणि 1995 साली या छोट्या गावानं प्रीमियर लीग जिंकली. तीही मँचेस्टर युनायटेडला एका गुणानं मागे टाकून. (इथे पुतण्यानं तोंड वाकडं केलं.) वॉकर 2000 साली वारले. नोव्हेंबर 2010 मध्ये त्यांच्या विश्वस्तांनी क्लब 2 कोटी 30 लाख पौंडांना विकला.

"कुणाला?"

"पुण्याला."

विकत घेणाऱ्या व्हेंकीजचं नाव मराठी वाचकाला नवं नाही. हैदराबादकडच्या डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे उद्योगाचं बस्तान पुण्यात बसलं. सोमवार असो की रविवार, अंडी खा म्हणणारी ती जाहिरात ज्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीची, ती 1982 साली उभी करण्यातही त्यांचाच पुढाकार. आमच्या जिल्ह्यात द्राक्षबागांच्या शेजारी ज्या लांबलचक पोल्ट्रीच्या शेड दिसतात, त्या धंद्याला या देशात शिस्त लावणाऱ्यांत त्यांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांच्या पुढच्या पिढीनं ब्लॅकबर्न घेतला.

घेतला, आणि महिन्याभरात सॅम अ‍ॅलरडाइस या मुरलेल्या मॅनेजरला काढलं. संघ तेव्हा तेरावा होता. फार चांगला नाही, पण बुडतही नव्हता. जागी आले स्टीव्ह कीन, ज्यांनी त्याआधी कुठल्याही संघाचं मॅनेजरपद सांभाळलेलं नव्हतं. रोनाल्डिन्योला आणायची बोलणी सुरू असल्याच्या बातम्या आल्या; तो ब्राझीलला गेला. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडी खाताहेत, अशी जाहिरात निघाली. ऑक्टोबर 2011 मध्ये अख्खा संघ पुण्याला आला आणि बालेवाडीत पुणे एफसीला हरवून गेला. तेवढ्यावर समाधान मानायला हवं होतं, कारण इंग्लंडात तो हंगाम हरण्यातच चालला होता. 7 मे 2012 ला घरच्या मैदानावर विगनकडून हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगबाहेर पडला. त्या सामन्यात चाहत्यांनी क्लबचं निशाण पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. इंग्रज माणूस मोर्चा काढत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ही कोंबडी लक्षात ठेवावी.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली. कीन यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. त्यांच्यानंतरचे हेनिंग बर्ग 57 दिवस टिकले, त्यांच्यामागून आलेले मायकल अ‍ॅपलटन 67 दिवस. 2017 मध्ये शेवटचा सामना जिंकूनही, केवळ गोलांच्या फरकानं, क्लब तिसऱ्या पायरीवर घसरला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर दुसरा कुठलाही क्लब तोवर इतका खाली गेला नव्हता. वर्षभरात तो पुन्हा एक पायरी चढला, आणि हे नमूद करायला हवं, की या सगळ्या काळात मालकांनी खिशातून पैसा घालून तोटा भरला. पुढे तर एका चौकशीमुळे तो पैसा पाठवायलाही दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची वेळ आली. तेव्हा मालक चिक्कू आहेत, असं कुणी म्हणणार नाही. तिथल्या लोकांचं म्हणणं एवढंच, की ते येत नाहीत, दिसत नाहीत, बोलत नाहीत.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे त्यांचे ग्लेझर आपण?"

"आपण नाही, पुणेकर," मी घाईघाईनं म्हणालो.

पुणेकरांना कुणी नावं ठेवली की नाशिककराला आतून जरा गार वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही. आयटी त्यांच्याकडे, विद्यापीठ त्यांच्याकडे, शुद्ध भाषा त्यांच्याकडे. आमच्याकडे हवा, द्राक्षं आणि मिसळ. त्यातही मिसळीवर ते हक्क सांगतात. तेव्हा सात हजारांहून अधिक किलोमीटरवरचं एक गाव दर शनिवारी पुण्याच्या नावानं बोटं मोडतं, हे ऐकून माझी रात्र चांगली गेली.

पण उरलेली रात्र मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होतो. हे ब्लॅकबर्न एकेकाळी जगातलं विणकामाचं मोठं केंद्र होतं, आणि तिथल्या मागांवर विणलं काय जायचं? धोतरं. हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं! आपल्या पणजोबांच्या कमरेला जे होतं, ते या गावानं विणलेलं असण्याचा बराच संभव आहे. 1905 साली आमच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर पुण्यात शिकत असताना त्यांनी विलायती कापडाची होळी केली, त्या होळीत लँकेशायरचं कापड नसेल असं मानणं कठीण आहे. मग 1931 च्या सप्टेंबरात गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्विनला गेले. बहिष्कारामुळे ज्यांचे माग थांबले होते, त्याच कामगारांनी त्यांचं हसून स्वागत केलं, त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. बहिष्काराचं कारण सांगायला तो माणूस त्यांच्या दारात गेला होता. बेकार झालेल्यांपुढे उभं राहून, माझ्या देशात याहून भुकेली माणसं आहेत, हे सांगणं सोपं नव्हतं. पण तो गेला, बोलला, आणि लोकांनी ऐकून घेतलं.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. हरण्याचं चाहत्याला तितकं काही नसतं; हरायला तो जन्मापासून तयार असतो. लांब बसलेला, कागदपत्रांवर मालक असलेला आणि कशालाच उत्तर न देणारा साहेब त्याला खुपतो. आपण दीडशे वर्षं हीच तक्रार केली. अर्ज लिहिले, विनंत्या केल्या, शिष्टमंडळं नेली, आणि उत्तर आलं तर सहा महिन्यांनी बोटीनं आलं. आता अर्ज उलट्या दिशेनं येताहेत आणि त्यांना उत्तर द्यायची पाळी आपली आहे. 'आपली' म्हणताना माझी पुण्याला या एका बाबतीत आपलं मानायची तयारी आहे.

मालक नसलेला फुटबॉल आपल्याला माहीत नाही, असंही नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब हे संघ कुणा शेठचे नाहीत, पेठेचे आहेत. शाहू स्टेडियमवर संघ हरला, तर जाब विचारायला कुणाला फ्लोरिडाला जावं लागत नाही. चौकात उभं राहिलं की ज्याला विचारायचं तो आपसूक समोरून येतो. त्याचे तोटेही आहेत, ते पोलिसांना विचारावेत. उलट पुण्यात 2014 साली मालकांनी काढलेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. नारिंगी कपडे घालून बालेवाडीला जाणारी ती पोरं एका उन्हाळ्यात पोरकी झाली. राव कुटुंब हैदराबादहून पुण्याला आलं होतं, क्लब पुण्याहून हैदराबादला गेला. हिशेब मिटला, पण पोरांचं काय? त्यांना विचारा, ब्लॅकबर्नचं दुःख त्यांना आमच्या पुतण्यापेक्षा लवकर कळेल.

पुतण्यात एवढा फरक पडला, की आता तो मँचेस्टरबरोबर ब्लॅकबर्नचाही निकाल बघतो. आजीलाही सांगतो. आजीनं परवा विचारलं, "या पुण्यातल्या लोकांना इतक्या लांब जमीन घ्यायची काय गरज होती?" तिच्या लेखी अजून हा बांधाचाच दावा आहे, आणि ती फारशी चुकत नाही.

म्हणून पुण्यातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्यापैकी कुणाची मालकांकडे ऊठबस असेल, तर नाशिकहून एवढा निरोप सांगा: एकदा ब्लॅकबर्नच्या मैदानावर, ईवूड पार्कला जाऊन या. लोक ओरडतील, फलक दाखवतील, ते सोसा. दोन शब्द बोला, स्टँडमध्ये बसून त्यांच्याबरोबर सामना बघा, हरला तर त्यांच्याबरोबर हरा. सामना दुपारी तीनला असतो, ही पुणेकरांची अडचण आम्ही समजू शकतो. पण वर्षातून एकदा एवढं चालवून घ्यावं.