ठमीचा फोटो काढून टाका

तपकिरी बाटलीतलं तेल विकणारे महाशय,

पत्राची सुरुवात सप्रेम नमस्कारानं करावी, हे वळण घरातून लागलेलं. आज ते मोडते आहे. तुमच्याविषयी प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं तुमच्या हातून काही घडलेलं नाही.

तुमच्या जाहिरातीत एक करडी पट्टेरी मांजरी बशीत तोंड घालून जेवताना दिसते. कानाचं टोक छाटलेलं, नसबंदी झालेल्या भटक्या मांजरांचं असतं तसं. खाली तुम्ही लिहिलंय, 'ठमी. ल्युकेमिया पॉझिटिव्ह. तीन महिन्यांत निगेटिव्ह!' तो फोटो माझ्या स्वयंपाकघरातला आहे. २ डिसेंबरच्या संध्याकाळी मीच तो तुम्हाला पाठवला, कारण चार दिवसांच्या उपासानंतर ती पहिल्यांदा जेवली होती आणि मला ते कुणाला तरी सांगायचं होतं. मूळ फोटोत बशीच्या मागे गोळ्यांची एक पट्टी दिसते. मिर्टाझापिन. भूक लागावी म्हणून डॉक्टर मॅडमनी त्याच सकाळी दिलेली. तुमच्या जाहिरातीत फोटो बशीच्या कडेला कापलाय. म्हणजे ठमी कशामुळे जेवली हे तुम्हाला दिसलं होतं. न दिसलेल्या गोष्टीवर कुणी कात्री चालवत नाही.

ठमी २१ जानेवारीला गेली. तुमचं तेल सुरू करून तेव्हा दोन महिने झाले होते. दोन महिन्यांत मेलेली मांजरी तीन महिन्यांत निगेटिव्ह कशी झाली, याचं उत्तर द्या.

चार वर्षांपूर्वी मंडईत टोमॅटोच्या क्रेटमागे ती मला सापडली. यंदा दिवाळीनंतर जिना चढताना मध्येच बसायला लागली. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या धुतलेल्या पंच्यासारख्या पांढऱ्या. दवाखान्यात रक्ताचे दोन-तीन थेंब, एक छोटा संच, दहा मिनिटं आणि दोन रेघा, म्हणजे ल्युकेमियाच्या विषाणूसाठी पॉझिटिव्ह. मग प्रयोगशाळेत पीसीआर. मग एक्स-रे, त्यात छातीत हृदयाच्या पुढे गाठ. मॅडमनी काही लपवलं नाही. हा बरा होणारा आजार नाही, म्हणाल्या, पण उरलेले दिवस चांगले घालवता येतील. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं. आठवड्याच्या आत ठमी पुन्हा कुशीवर झोपायला लागली. श्वासाचा त्रास असलेलं मांजर कुशीवर झोपत नाही, कोपरं बाहेर काढून बसून राहतं. ती आडवी झालेली पाहून मी किती वेळ दारात उभी होते, ते मला आठवतं.

आणि मग मी तुम्हाला फोन केला. 'ताई, स्टेरॉइड म्हणजे विष. आधी ते बंद करा, नाहीतर तेल लागू पडणार नाही.' हे तुमचे शब्द. मी बंद केलं. अकरा दिवस. अकराव्या दिवशी ती तोंड उघडून श्वास घेत होती, आणि बाराव्या दिवशी सकाळी तिच्या छातीतून सुईनं पाणी काढावं लागलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण गाठ पहिल्यासारखी आटली नाही. ठमी फार जगणार नव्हती, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझं म्हणणं तुम्ही तिचा जीव घेतलात असं नाही. तिच्याजवळ मोजके चांगले दिवस होते, त्यातले तुम्ही घेतलेत. बाटलीचे तीन हजार दोनशे घेतलेत ते वेगळे.

मांजरांच्या ल्युकेमियाच्या ज्या विषाणूला तुम्ही चार थेंबांत घालवता, त्याची ओळख तरी करून घ्या. १९६४ साली ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. एकाच घरातल्या मांजरांना एकामागून एक लिम्फोमा हा कर्करोग होतोय, या निरीक्षणातून ते तिथवर पोचले. तो लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणं, एका बशीत जेवणं, चावा, आईकडून पिल्लाला. माणसाला होत नाही. शरीराबाहेर फार टिकत नाही. पण तो रेट्रोव्हायरस आहे, म्हणजे आत शिरल्यावर आपली प्रत मांजराच्या पेशींच्या डीएनएमध्येच बसवतो. अस्थिमज्जेत ठाण मांडलं की तिथून निघणाऱ्या रक्तपेशींबरोबर अंगभर फिरतो. कापडावरचा डाग असता तर धुता आला असता, हा विणीतलाच धागा झालेला असतो. तो सीबीडीनं, म्हणजे तुमच्या तेलातल्या त्या गांजाच्या झाडातल्या द्रव्यानं, निघतो असं दाखवणारी एकही चाचणी नाही.

मग तुमच्याकडची ती निगेटिव्ह झालेली मांजरं कुठून आली? हे समजून घ्यायला मला महिना लागला, म्हणून इथे जरा थांबून लिहिते. लागण झालेलं प्रत्येक मांजर ठमीच्या वाटेनं जात नाही. काहींचं शरीर विषाणूला सुरुवातीलाच परतवून लावतं. काहींच्या रक्तात तो काही आठवडे दिसतो आणि मग त्यांचीच प्रतिकारशक्ती त्याला दाबून टाकते. पहिल्या तपासणीत दोन रेघा, पुढच्या तपासणीत एक. शिवाय निरोगी दिसणाऱ्या मांजरात ती झटपट तपासणी कधी चुकीचीही निघते. म्हणूनच पशुवैद्य एका निकालावर थांबत नाहीत, दुसऱ्या पद्धतीनं खात्री करतात, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतात. महाशय, त्या दोन तपासण्यांच्या मधल्या फटीत तुम्ही दुकान मांडलंय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि तुम्ही कावळ्याचे पैसे घेता. जे मांजर स्वतःच्या ताकदीनं सावरलं त्याचा फोटो तुमच्या भिंतीवर लागतो. जे सावरत नाही ते मरतं, आणि मेलेल्या मांजरांच्या मालकिणी अभिप्राय लिहीत नाहीत. मी लिहिते आहे.

यातला सगळ्यात घातक भाग वेगळाच. विषाणू दबला तरी त्याची प्रत आत राहते, आणि प्रतिकारशक्ती ढासळली की तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. तुम्ही मात्र तपासणी न करताच फोनवर निकाल देता. मांजरांना जेवण घालणाऱ्या आमच्यातल्या एका बाईंना तुम्ही तीन आठवड्यांत 'आता एकत्र ठेवायला हरकत नाही' असं सांगितलंत. त्यांनी आपल्या पॉझिटिव्ह बोक्याला खोलीबाहेर सोडलं. बाहेर दोन महिन्यांची चार पिल्लं होती. मोठ्या मांजरापेक्षा पिल्लांना ही लागण कितीतरी सहज होते. त्यातली दोन आता पॉझिटिव्ह आहेत. त्यांच्यासाठीही बाटली विकायला तुम्ही त्या बाईंना फोन केलात.

गांजाच्या झाडावर माझा राग नाही. सीबीडीची रचना राफाएल मेशुलम यांनी १९६३ मध्ये उलगडली, आणि त्यानंतर माणसं किती वर्षं त्यावर राबली आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं शुद्ध सीबीडीच्या औषधाला परवानगी दिली, ती अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी, माणसांवरच्या रीतसर चाचण्यांनंतर, आणि यकृताची तपासणी करत राहा या सूचनेसह. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी संधिवाताच्या कुत्र्यांना ते देऊन पाहिलं, त्यांच्या वेदना कमी झाल्या. पुढच्या वर्षी मांजरांची पाळी आली. आठ मांजरं, बारा आठवडे. कुत्र्यांच्या मानानं त्यांच्या रक्तात औषध कमी उतरलं. देताना ती तोंड चाटत राहिली, मान झटकत राहिली. एकाच्या यकृताचं एन्झाइम वाढलं. आठही मांजरं निरोगी होती. उद्या कुणी पशुवैद्यानं नीट मोजून, नीट लक्ष ठेवून आजारी मांजराच्या वेदनेसाठी हे वापरून पाहिलं तर मी आनंदानं ऐकेन. तुम्ही त्या कामाच्या जिवावर खोटं विकता, आणि उद्या खरं काही हाती आलं तर त्यावर विश्वास ठेवायला आमच्यासारखी माणसं शिल्लक ठेवत नाही.

'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य,' म्हणालात. मांजराचं यकृत आपल्यासारखं नाही. काही द्रव्यांचा निचरा करण्याची जी यंत्रणा आपल्यात असते, ती त्याच्यात फार तोकडी. म्हणून आपल्या घरात डोकेदुखीवर सर्रास घेतली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते. तुमच्या तेलाला पुदिन्याचा वास येतो. त्यात काय घातलंय? गांजातलं नशेचं द्रव्य, टीएचसी, किती आहे? बाटलीवर बॅच क्रमांक नाही, तपासणीचा अहवाल नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली गेली, त्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेबलाशी जुळणारी फक्त २६ निघाली, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. अहवाल मागितला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'ताई, पॉझिटिव्ह राहा.' ज्या घरात त्या शब्दानं झोप उडालेली असते, तिथे हा शब्द वापरताना तुमची जीभ अडखळली नाही.

कायदाही सांगून ठेवते. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा जनावरांच्या औषधांनाही लागू आहे. औषधाबद्दल खोटा दावा करणं त्यात गुन्हा आहे, आणि ज्या रोगांवर उपाय म्हणून जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत कर्करोग आहे. तक्रार अर्ज वेगळा दिला आहे.

आता जे मला सगळ्यात जड जातं ते. तेल ठमीला आवडत नव्हतं. पहिल्याच दिवशी तोंडाला फेस आला, खाली चटईवर लाळेची तार लागली. तुम्ही म्हणालात, विष बाहेर पडतंय, चालू ठेवा. चार-पाच दिवसांत तिला ड्रॉपरचा आवाज कळायला लागला. रबरी फुगा दाबल्याचा तो बारीक फुस्स आवाज आला की जिना न चढणारी ठमी पलंगाखाली पळायची. छातीत गाठ असलेली मांजरी, धापा टाकत. मी पोटावर झोपून तिला बाहेर ओढायची आणि जबडा उघडायची. चार वर्षं जो हात तिच्या तोंडाशी बशी घेऊन जात होता, त्याच हाताला ती भ्यायली. डिसेंबरच्या मध्यावर मी बाटली मोरीत ओतून दिली, तरी तिला माझ्या हाताची खात्री पटायला नाताळ उलटला. त्यानंतर आम्हाला साडेतीन आठवडे मिळाले.

पैसे परत नकोत. तो फोटो काढा.

मूळ फोटो माझ्याकडे आहे. त्यात गोळ्यांची पट्टी आहे, चिरा गेलेली निळी बशी आहे, आणि उजव्या कोपऱ्यात जाळीच्या दारापलीकडे एक पिवळं शेपूट आहे. तो बंड्या. त्याचं रक्त दोनदा निगेटिव्ह आलं होतं म्हणून त्याला तिच्याजवळ सोडता येत नव्हतं. ती जेवायला बसली की तो दाराला पाठ टेकून बसायचा. तुमच्या कात्रीनं तोही गेला.

ठमीच्या घरून,
सदाशिव पेठ, पुणे