समजाकाका

“समजा, उद्या सकाळी सलमानिया हॉस्पिटलात एकदम चाळीस पेशंट आले. सगळ्यांना ताप, सगळ्यांच्या अंगावर पुरळ आणि सगळे परवा एकाच लग्नात जेवलेले. तुम्ही आरोग्यमंत्री आहात. बोला, काय कराल?”

ज्याला हे विचारलंय तो बहरीनचा आरोग्यमंत्री नसतो. तो गुदैबियातल्या एका फ्लॅटमध्ये पुरी श्रीखंडात बुडवत असतो आणि परवा खरोखरच एका लग्नात जेवलेला असतो. पुरी हातातच राहते.

आखातात जिथे मराठी मंडळ आहे तिथे असा एक गृहस्थ असतोच. आमच्याकडच्याला समजाकाका म्हणतात. खरं नाव आता फक्त त्यांच्या पासपोर्टला ठाऊक. काका एका कंपनीत सेफ्टीत आहेत. भोंगा वाजला की कुठल्या दाराने पळायचं, हे शिकवण्यात त्यांची हयात गेली. एकदा कंपनीने त्यांना मनामातल्या पंचतारांकित हॉटेलात ‘टेबलटॉप’ला धाडलं आणि काकांना साक्षात्कार झाला की संकटाचा सामना करायला पळावं लागत नाही. बसूनही करता येतो. तेव्हापासून ते मंडळातही असे सराव घेऊ लागले.

टेबलटॉप म्हणजे साथीचा लुटुपुटीचा सराव. गोल टेबलं, समोर पदांच्या पाट्या, हातात लिफाफे. एक जण बातमी वाचतो: अमुक देशात अनोळखी ताप. वीस मिनिटांत ठरवा, विमानतळ बंद करायचा की नाही? ठरतं न ठरतं तोच दुसरा लिफाफा: औषध संपलं. तिसरा: अफवा पसरली. विषाणू थांबतो तो फक्त अरबी कॉफी-खजुराच्या सुट्टीत. काकांना यातली सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे कुणी आजारी पडत नाही. सगळे मंत्री, सचिव, नाहीतर सल्लागार. कचरा उचलणाऱ्याची पाटी कुठल्याच टेबलावर नसते.

जगातले गाजलेले सराव काकांना मुखोद्गत आहेत. जून 2001 चा ‘डार्क विंटर’: अमेरिकेवर देवीच्या जंतूंचा हल्ला. मे 2018 चा ‘क्लेड एक्स’. ऑक्टोबर 2019 मध्ये न्यूयॉर्कला झालेला ‘इव्हेंट 201’: डुकरांतून माणसांत आलेला कोरोना विषाणू, दीड वर्षात साडेसहा कोटी मृत्यू, अर्थात कागदावर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत चीनमधून खऱ्या बातम्या येऊ लागल्या. पुढे 2021 साली म्युनिकच्या सुरक्षा परिषदेसाठी ‘ब्रिनिया’ नावाचा देश कल्पून त्यात मंकीपॉक्स सोडण्यात आला, कथेतली तारीख 15 मे 2022. नेमका त्याच मे महिन्यात खरा मंकीपॉक्स युरोपात उगवला. व्हॉट्सअ‍ॅपवर ज्ञानी मंडळी लिहू लागली, “बघा, सगळं आधीच ठरलेलं!” त्यावर काकांनी दिलेलं उत्तर मात्र सोन्याचं: “अहो, मी या लोकांना जवळून पाहिलंय. ज्यांना प्रोजेक्टर वेळेवर चालू करता येत नाही, ते जगभर साथ काय चालू करणार?”

अशा माणसाच्या आयुष्यात खरी साथ आली तर ती पर्वणीच म्हणायची. ती 24 फेब्रुवारी 2020 ला आली. काकांच्या सरावाच्या फाइलीत पहिला रुग्ण बिझनेस क्लासने येणारा राजदूत होता. बहरीनचा पहिला रुग्ण निघाला इराणहून परतलेला स्कूल बसचा चालक. लगेच शाळा बंद झाल्या, मार्चमध्ये सौदीला जोडणारा कॉजवे बंद झाला, साखीरची फॉर्म्युला वनची शर्यत पुढे गेली. घरात अलग ठेवलेल्यांच्या मनगटावर इलेक्ट्रॉनिक पट्टा आला. रमजानमध्ये तर टीव्हीवर ‘तुम्ही घरी आहात का?’ असा कार्यक्रम लागला. सरकारी अ‍ॅपच्या माहितीवरून फोन लागायचा आणि माणूस घरी सापडला तर बक्षीस! हा लिफाफा जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाने लिहिला नव्हता.

काकांनी ताबडतोब झूमवर बैठक बोलावली आणि घसा साफ करून सुरुवात केली, “समजा, बहरीनमध्ये...” मागून काकूंचा आवाज आला, “अहो, समजा काय? झालंय ते!”

मग फाइल उघडली. मंडळाच्या आधीच्या सरावात काढलेल्या त्रुटी तिथे नीट टाइप केलेल्या होत्या. पहिलीच: ‘सभासदांचे फोन नंबर अद्ययावत करणे. जबाबदारी: सर्व.’ सर्वांची असल्यामुळे ती कुणीच पार पाडली नव्हती. यादीतले सचिव कॅनडाला स्थायिक झाले होते आणि खजिनदाराच्या नंबरावर एक बांगलादेशी सुतार अत्यंत नम्रपणे बोलत होता.

अद्ययावत यादी एकच होती: काकूंचा हळदीकुंकवाचा ग्रुप. कुणाच्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर येऊन अडकल्यात, कुणाच्या बीपीच्या गोळ्या पुण्याहून येतात, कुणाला सातवा महिना लागलाय, कुठल्या खोलीत आठ पोरं पगाराविना बसलीत आणि कुणाच्या नवऱ्याला अरबी बोलता येतं, हे सगळं तिथे होतं. पुढचे महिने डबे आणि औषधं त्याच ग्रुपवरून पोचली. काकांनी नंतर अहवाल लिहिला: ‘मंडळाची पूर्वनियोजित सामुदायिक यंत्रणा कमालीची यशस्वी ठरली.’ काकूंचं नाव आभारात, हॉलवाल्याच्या खाली.

2021 साली जागतिक आरोग्य संघटनेचं कार्यालय मनामात उघडलं, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर घरी जावई आल्याचा आनंद होता. आता त्यांनी मॅमथ धरलाय. एप्रिल 2025 मध्ये याच संघटनेने ‘पोलारिस’ नावाचा सराव घेतला. पंधराहून अधिक देश, शेजारचे सौदी आणि कतारही त्यात होते. गोष्ट अशी की, बर्फात गाडलेल्या मॅमथच्या अवशेषांतून विषाणू बाहेर पडतो. तेव्हापासून बहरीनच्या जुलैत, एसी बंद पडलेल्या लिफ्टमध्येही, काका घाम पुसत म्हणतात, “समजा, बर्फ वितळला...”

त्यांना हसणं सोपं आहे आणि आम्ही मनसोक्त हसतो. पण काकांचा दोष समजा म्हणण्यात नाही. फोनची यादी शिळी आहे, हे सरावानेच आधी दाखवलं होतं. दोष हा की टेबलावरून उठल्यावर कुणी काही केलं नाही, आणि हा रोग मंडळांपुरता नाही. इव्हेंट 201 नंतरही सरकारांनी आणि कंपन्यांनी एकत्र काय करायला हवं, याच्या सात शिफारशी लिहून झाल्या होत्या. कागद तयार होता, पण साथ आली तेव्हा जो तो मास्कसाठी दुसऱ्यावर धावत होता.

तुमच्याही मंडळात, सोसायटीत, कचेरीत एक समजाकाका असतील. ते बोलावतील तेव्हा जरूर जा, श्रीखंड खा, अर्धा तास आरोग्यमंत्री व्हा. फक्त उठण्याआधी कागदावरचा ‘सर्व’ हा शब्द खोडा आणि तिथे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहून घ्या.